‘अ मँगो इज ईटन बाय राम’ कोणी म्हणतं का? इंग्रजीत पॅसिव्ह व्हॉइस कधी वापरायचा

सरकारी कचेरीच्या भिंतीवर कन्नडमध्ये ‘धूमपान निषेधिसलागिदे’ असं लिहिलेलं असतं. त्याच्याखाली इंग्रजीत ‘स्मोकिंग इज प्रोहिबिटेड’. घरी येऊन मराठी पेपर उघडला की ‘नागरिकांनी सहकार्य करावे, असे आवाहन करण्यात आले आहे’. मनाई कोणी केली, आवाहन कोणी केलं, याचा पत्ता तिन्ही भाषांत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांच्या डोळ्यांखालून हे रोज जातं. मग इंग्रजीत अर्ज लिहायची वेळ आली की त्यांना वाटतं, औपचारिक लिहिणं म्हणजे हेच. कर्ता गिळायचा आणि ‘वॉज’ घालायचा.

शाळेत पॅसिव्ह शिकवला जातो तो वाक्य उलटंपालटं करण्याचा खेळ म्हणून. (‘शिकवला जातो’ हाही पॅसिव्हच झाला, पण इथे तो चालतो. कोण शिकवतं हा मुद्दाच नाही.) ‘राम ईट्स अ मँगो’ दिलं की ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ लिहायचं आणि मार्क घ्यायचे. पण इंग्रजी बोलणारा माणूस हे दुसरं वाक्य सहसा उच्चारणार नाही. त्यात आंब्याला पुढे आणायचं काही कारणच नाही. वाक्य फिरवायचं कसं ते कळलं, कधी फिरवायचं ते राहून गेलं.

इंग्रजीला पॅसिव्हची गरज का पडते ते आधी बघू. आपल्याकडे माणूस घरात शिरता शिरता म्हणतो, ‘रस्ता उकरलाय पुन्हा’. कोणी उकरला ते वाक्यात नाही आणि कोणाला खटकतही नाही. कन्नडमध्येही ‘माडिद्दारे’ (‘केलंय’) एवढंच म्हटलं तरी भागतं, ‘ते’ कोण हे क्रियापदाच्या शेपटीत आलेलं असतं. इंग्रजीला ही सवलत नाही. साध्या विधानात तिला कर्त्याची जागा भरावीच लागते, नुसतं ‘हॅज डग अप द रोड’ लिहिता येत नाही. मग दोनच वाटा उरतात. एक, ‘दे हॅव डग अप द रोड’, म्हणजे कोणीतरी ‘दे’ उभे करायचे. दुसरी, ‘द रोड हॅज बीन डग अप’, म्हणजे रस्त्यालाच पुढच्या खुर्चीत बसवायचं. आपण कर्ता सोडून देऊन जे सांगतो, ते इंग्रजी पॅसिव्हने सांगते.

आता इथेच एक मोठा घोटाळा होतो. मराठी व्याकरणात ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं. आंब्याऐवजी कैरी असेल तर ‘खाल्ली’. शिक्षक सांगतात, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. मुलं ‘ने’चं ‘बाय’ करतात, आणि ‘मी पत्र लिहिलं’चं इंग्रजी होतं ‘अ लेटर वॉज रिटन बाय मी’. खरं तर मराठी वाक्यात राम किंवा मी पुढेच उभा आहे, गोष्ट त्याचीच चालली आहे. बदलला तो फक्त क्रियापदाचा मेळ. त्याचं इंग्रजी सरळ ‘आय रोट अ लेटर’. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारी मराठी रचना वेगळी आहे: ‘रामाकडून रावण मारला गेला’. व्याकरणाची पुस्तकं तिला नवीन कर्मणी म्हणतात. तिच्याच पंगतीत बसणारं दुसरं रूप म्हणजे पेपरातलं ‘करण्यात आले’.

गंमत म्हणजे आपल्या सीमाभागातल्या बोलीत ‘मी काम केलो’, ‘मी पत्र लिहिलो’ असं सर्रास ऐकू येतं. प्रमाण मराठीच्या तासाला ते चूक ठरतं. पण त्यात ‘ने’ची भानगड नाही आणि क्रियापद थेट ‘मी’च्या मागे चालतं, इंग्रजी कर्तरी वाक्यासारखं. इंग्रजी लिहिताना मनातल्या मनात बोलीतलं वाक्य धरलंत, तर ‘बाय मी’ आपोआप गळून पडेल.

बांधणी आणि तिच्यातले खड्डे

पॅसिव्हचा साचा छोटा आहे: ‘बी’चं काळानुसार रूप आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. रस्त्याचंच उदाहरण धरू. दरवर्षी होतं ते ‘द रोड इज रिपेअर्ड एव्हरी इयर’. गेल्या वर्षी झालं ते ‘वॉज रिपेअर्ड’. आत्ता चालू आहे ते ‘इज बीइंग रिपेअर्ड’. होऊन गेलं आणि परिणाम समोर दिसतोय ते ‘हॅज बीन रिपेअर्ड’. दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीच झालं होतं ते ‘हॅड बीन रिपेअर्ड’. पुढे होणार ते ‘विल बी रिपेअर्ड’. ‘कॅन’, ‘शुड’, ‘मस्ट’ यांच्यापुढे नुसतं ‘बी’. ‘हॅज बीन बीइंग रिपेअर्ड’ हे रूप कागदावर तयार करता येतं, पण लिहू नका. तिथे ‘द रिपेअर वर्क हॅज बीन गोइंग ऑन सिन्स मे’ बरं.

सगळ्यात जास्त पाय घसरतो तो चालू काळात. ‘द रोड इज रिपेअरिंग’ म्हणजे रस्ताच कशाची तरी दुरुस्ती करतोय. मधलं ‘बीइंग’ गळालं की असं होतं. दुसरा खड्डा तिसऱ्या रूपाचा. ‘वॉज रोट’, ‘वॉज टूक’, ‘वॉज गेव्ह’ नव्हे. ‘वॉज रिटन’, ‘वॉज टेकन’, ‘वॉज गिव्हन’. ‘कट’, ‘पुट’, ‘सेट’ तिन्ही रूपांत तसेच राहतात.

मग ज्या क्रियापदाला कर्मच नाही त्याचा पॅसिव्ह होत नाही, हा नियम. पाठ सगळ्यांना असतो, तरी ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड निअर द सर्कल’ हे वाक्य अर्जा-अर्जांत सापडतं. अपघात घडतो, त्याला कोणी घडवून आणत नाही. म्हणून ‘द ॲक्सिडेंट हॅपन्ड’. ‘ऑकर’, ‘अराइव्ह’, ‘डाय’, ‘कन्सिस्ट’ ही त्याच पठडीतली. ‘द कमिटी इज कन्सिस्टेड ऑफ फाइव्ह मेंबर्स’ नव्हे, ‘कन्सिस्ट्स ऑफ’. याच्या बरोबर उलटी चूक जन्माची. मराठीत मी जन्मलो, म्हणून ‘आय बॉर्न इन २००५’ असं लिहिलं जातं. पण ‘बॉर्न’ हे ‘बेअर’, म्हणजे जन्म देणे, या क्रियापदाच्या तिसऱ्या रूपातून आलेलं आहे. आईने जन्म दिला, म्हणून ‘आय वॉज बॉर्न’.

‘बी’ दिसला की पॅसिव्ह, असंही नाही. ‘ही वॉज स्लीपिंग’ चालू भूतकाळ, ‘ही वॉज टायर्ड’ नुसती अवस्था. शंका आली तर वाक्याच्या शेवटी ‘बाय समबडी’ लावून बघा. ‘द गेट वॉज लॉक्ड बाय समबडी’ ठीक लागतं, म्हणजे पॅसिव्ह. ‘ही वॉज स्लीपिंग बाय समबडी’ असं केलंत तर तो कोणाच्या तरी शेजारी झोपला होता असा अर्थ निघेल, कारण ‘बाय’चा अर्थ शेजारीही होतो. तेवढ्यावरून कळतं की हा पॅसिव्ह नव्हे.

पुढच्या खुर्चीत कोण?

पॅसिव्ह वापरावा की नाही, हे ठरवायला एक प्रश्न पुरतो: हे वाक्य कोणाविषयी आहे? ज्याच्याविषयी आहे त्याला इंग्रजी वाक्यात पहिली जागा द्यायची. तो करणारा असेल तर कर्तरी, त्याच्यावर काही घडलं असेल तर पॅसिव्ह.

करणारा ठाऊक नसेल किंवा सांगायची गरज नसेल तेव्हा विचारच करावा लागत नाही. ‘माय सायकल वॉज स्टोलन फ्रॉम द बस स्टँड.’ इथे ‘समवन स्टोल माय सायकल’ हेही बरोबर आहे, पण पोलिसांना पहिल्यांदा सायकल हवी, तो ‘समवन’ कोण हे शोधणं त्यांचं काम. ‘ही वॉज अरेस्टेड’मध्ये ‘बाय द पोलिस’ लावायचं काहीच कारण नाही, अटक आणखी कोण करणार?

खरी कसोटी एकट्या वाक्यात लागत नाही, परिच्छेदात लागते. इंग्रजी परिच्छेद चांगला वाचला जातो तो माहीत असलेल्या गोष्टीकडून नव्या गोष्टीकडे सरकत गेला तर. बेळगाव शहराविषयी लिहायचंय असं समजा: ‘बेलगाम वॉज पार्ट ऑफ बॉम्बे स्टेट अंटिल १९५६. इन नोव्हेंबर दॅट इयर इट वॉज ट्रान्सफर्ड टू मायसोर स्टेट. द स्टेट वॉज रिनेम्ड कर्नाटका इन १९७३, अँड द सिटी वॉज ऑफिशियली रिनेम्ड बेळगावी इन २०१४.’ तीन वाक्यांत तीन पॅसिव्ह, आणि एकही काढायची गरज नाही. वाचकाची नजर शहरावर आणि राज्यावरच राहते. हेच कर्तरीत करायला गेलात तर पहिल्यांदा ‘पार्लमेंट’ पुढे येईल, मग पुन्हा ‘पार्लमेंट’, मग ‘द गव्हर्नमेंट’. दर वाक्याला करणाराच दारात उभा, आणि शहर कोपऱ्यात.

पण विषय बदलला की हिशेब उलटतो. सीमाप्रश्नावर निबंध लिहिताना ‘द महाजन कमिशन वॉज अपॉइंटेड इन १९६६’ एवढं लिहून पुढे गेलात, तर वाचक विचारणारच, कोणी नेमला? तिथे निर्णय कोणाचा हाच मुद्दा असतो. म्हणून ‘द सेंट्रल गव्हर्नमेंट अपॉइंटेड द महाजन कमिशन इन १९६६, अँड द कमिशन सबमिटेड इट्स रिपोर्ट इन १९६७’. घटना तीच, खुर्ची वेगळी.

‘बाय’ लावायचाच असेल तर तो दोन वेळा शोभतो. एक म्हणजे करणाराच नवी माहिती असेल तेव्हा. १९२४ सालच्या बेळगाव काँग्रेसविषयी आधीच्या वाक्यात लिहून झालं असेल, तर पुढचं ‘द सेशन वॉज प्रिझायडेड ओव्हर बाय महात्मा गांधी’ नेमकं बसतं. गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असं हे काँग्रेसचं एकमेव अधिवेशन, म्हणून नाव शेवटी आलं की त्याच्यावर जोर पडतो. दुसरी वेळ म्हणजे करणाऱ्याचं शेपूट लांब असेल तेव्हा. बेळगावातल्या कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीचं उदाहरण घ्या: ‘द सुवर्ण विधानसौध वॉज इनॉग्युरेटेड इन ऑक्टोबर २०१२ बाय प्रणब मुखर्जी, हू हॅड टेकन ऑफिस ॲज प्रेसिडेंट दॅट जुलै’. एवढं सगळं क्रियापदाच्या आधी ठेवलं तर वाचकाला क्रियापदापर्यंत पोचेतो दम लागतो. इंग्रजीला जड सामान डब्याच्या मागच्या बाजूला लागतं.

प्रयोगाचा अहवाल आणि यंत्रावरची सूचना

इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना हा प्रश्न रोजचा. प्रयोग कसा केला ते सांगणाऱ्या भागात पॅसिव्ह योग्यच: ‘द स्पेसिमेन वॉज हीटेड टू ८५० डिग्रीज सेल्सियस, हेल्ड फॉर थर्टी मिनिट्स अँड क्वेन्च्ड इन ऑइल’. तुकडा कोणी भट्टीत ठेवला याने निकाल बदलत नाही. बघा, ‘वॉज’ एकदाच आला, पुढच्या दोन क्रियापदांना तोच पुरला. दर वेळी ‘वॉज… वॉज… वॉज’ लिहायची गरज नसते.

निष्कर्षाच्या भागात मात्र ‘इट वॉज ऑब्झर्व्ह्ड दॅट’, ‘इट वॉज फाउंड दॅट’ची माळ लागते तेव्हा ती तोडा. ‘द हार्डनेस इन्क्रीज्ड’ असं सरळ लिहिता येतं, ‘फाउंड दॅट’ न लिहिताही तुम्हालाच ते आढळलं हे कळतं. शास्त्रीय लेखनात ‘वी’ चालत नाही ही समजूत जुनी झाली. डीएनएची रचना मांडणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ सालचा लेख ‘वी’ने सुरू होतो, आणि ‘नेचर’ गटाची नियतकालिकं लेखकांना कर्तरीतच लिहायला सुचवतात. तरी गाईडचा किंवा कॉलेजचा नियम असेल तर तो पाळा, मार्क तिथेच आहेत.

अहवालातली एक चूक शिकलेल्यांच्याही नजरेतून सुटते: ‘आफ्टर हीटिंग द मेटल, द मोल्ड वॉज फिल्ड’. इंग्रजी नियमाने ‘हीटिंग’ करणारा पुढच्या वाक्याचा कर्ता धरला जातो, म्हणजे साच्यानेच धातू तापवला. सुधारणा सोपी आहे: ‘आफ्टर द मेटल वॉज हीटेड, द मोल्ड वॉज फिल्ड’, किंवा सरळ ‘वी हीटेड द मेटल अँड फिल्ड द मोल्ड’.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात यंत्रावर चिकटवायची सूचना असेल तर पॅसिव्ह टाळा. ‘द मशीन शुड बी स्विच्ड ऑफ बिफोर क्लीनिंग’ वाचून पाळीवरचा कामगार समजू शकतो की ते आधीच्या पाळीवाल्याने केलं असेल. ‘स्विच ऑफ द मशीन बिफोर क्लीनिंग’ म्हटलं की काम वाचणाऱ्याच्या अंगावर पडतं. ‘शुड बी’ची सूचना सगळ्यांना उद्देशून असते आणि म्हणून कोणालाच नसते. सुरक्षेच्या बाबतीत हा फरक बोटांवर बेततो.

अर्ज, तक्रार, बायोडेटा

इथे पॅसिव्ह सर्वांत जास्त वापरला जातो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. ‘इट इज रिक्वेस्टेड दॅट नेसेसरी ॲक्शन मे बी टेकन ॲट द अर्लिएस्ट’ हे वाक्य व्याकरणात बरोबर आहे, पण विनंती कोणाची, कारवाई कोणी करायची, कधीपर्यंत, काहीच त्यात नाही. कारकून ते वाचून फाइलीत ठेवू शकतो आणि त्याचं काही चुकत नाही. त्याऐवजी: ‘आय रिक्वेस्ट यू टू रिपेअर द लीकिंग पाइप इन अवर लेन बाय १५ जून’. त्याहून बिघडलेलं रूप म्हणजे ‘आय ॲम रिक्वेस्टेड टू ग्रँट मी लीव्ह’. याचा अर्थ रजा द्यायची विनंती दुसऱ्या कोणीतरी तुम्हालाच केली आहे. ‘यू आर रिक्वेस्टेड टू’ बरोबर, पण त्याला हुकुमाचा वास येतो. वरिष्ठांना ‘आय रिक्वेस्ट यू’ किंवा ‘कुड यू प्लीज’.

माहिती अधिकाराच्या अर्जात तर शब्दांना वजन असतं. २००५च्या कायद्यानुसार साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. ‘व्हाय वॉज द वर्क नॉट कम्प्लीटेड?’ असं विचारलंत तर ‘द वर्क इज बीइंग टेकन अप’ असं तितकंच गोल उत्तर येऊ शकतं. म्हणून नोंद मागा: ‘प्लीज प्रोव्हाइड द नेम अँड डेसिग्नेशन ऑफ द ऑफिसर हू साइन्ड द कम्प्लीशन सर्टिफिकेट, अँड द डेट’. कोणी, काय, कधी. करणाऱ्याला ‘हू’ने विचारलं की पुढचं क्रियापद कर्तरीत येतं.

बायोडेटात ‘अ टीम ऑफ फाइव्ह वॉज लेड बाय मी’ वाचणारा पुढच्या कागदाकडे वळतो. ‘लेड अ टीम ऑफ फाइव्ह’ पुरे, तिथे ‘आय’सुद्धा लागत नाही.

उलट बाजूही आहे. दुकानदाराला थकलेलं बिल मागायचंय आणि नातंही राखायचंय, तर ‘यू हॅव नॉट पेड’ बोट दाखवतं. ‘द बिल हॅज नॉट बीन पेड’ तेच सांगतं, पण मराठीतल्या ‘बिल राहिलेलं दिसतंय’सारखं मऊ. दुसऱ्याची चूक सांगताना हा मऊपणा शहाणपणाचा. स्वतःची चूक सांगताना तोच पॅसिव्ह अंग चोरल्यासारखा वाटतो. ‘द ऑर्डर वॉज डिस्पॅच्ड लेट’ लिहिण्यापेक्षा ‘वी डिस्पॅच्ड युअर ऑर्डर टू डेज लेट’ लिहिलं की गिऱ्हाईक लवकर शांत होतं.

राहिलेल्या बारीक गोष्टी

‘बाय’ करणाऱ्यासाठी, ‘विथ’ हत्यारासाठी: ‘द लॉक वॉज ब्रोकन बाय द थीफ विथ अ रॉड’. काही क्रियापदांची अव्ययं ठरलेली असतात: ‘नोन टू एव्हरीवन’, ‘कव्हर्ड विथ डस्ट’, ‘मेड ऑफ वुड’. दोन कर्मांच्या वाक्यात मराठीतलं ‘तिला’ आडवं येतं. ‘तिला बक्षीस देण्यात आलं’चं ‘टू हर वॉज गिव्हन अ प्राइज’ होत नाही. इंग्रजीत तीच कर्त्याच्या जागी बसते: ‘शी वॉज गिव्हन अ प्राइज’.

आणि ‘करून घेतलं’. गॅरेजवाल्याकडून गाडी दुरुस्त करून घेतली, तर ‘आय रिपेअर्ड माय बाइक’ म्हणजे पाना तुमच्या हातात होता. ‘आय हॅड माय बाइक रिपेअर्ड’ लिहा, किंवा बोलण्यात ‘आय गॉट माय बाइक रिपेअर्ड’. केस कापून घेतले तरी तसंच: ‘आय हॅड माय हेअर कट’.

लिहून झाल्यावर प्रत्येक ‘बी’ अधिक तिसरं रूप पेन्सिलीने खुणावा. ‘बाय मी’ किंवा ‘बाय अस’ दिसला तिथे वाक्य ताबडतोब उलटवा. बाकीच्या जागी करणारा कोण ते समासात लिहा. वाचणाऱ्याला तो कळायला हवा असेल तर वाक्य कर्तरीत आणा, नसेल तर तसंच ठेवा. वर्डमध्ये तसं सेटिंग चालू असेल तर पॅसिव्हखाली रेघ येते आणि वाचनीयतेच्या आकड्यांत अशा वाक्यांची टक्केवारीही दिसते, पण पुढच्या खुर्चीत कोण हवं होतं हे त्या रेघेला कळत नाही. प्रयोगाच्या प्रकरणात ती टक्केवारी वाढलेली असली तरी हरकत नाही. एका पानाच्या तक्रार अर्जात ती वाढलेली दिसली, तर अर्ज अजून पाठवू नका.